आयईएलटीएसला ७ बँड, मग पहिल्याच असाइनमेंटला ४८ मार्क कसे? ब्रिटनच्या विद्यापीठात आपल्या मुलांचं नेमकं अडतं कुठे?

समजा, लातूरची एक मुलगी एमएस्सी मॅनेजमेंट करायला इंग्लंडला गेली आहे. बीकॉमला कॉलेजात दुसरी, आयईएलटीएसला ७ बँड. सप्टेंबरअखेर क्लास सुरू झाले, नोव्हेंबरमध्ये तिने ३,००० शब्दांचा पहिला निबंध जमा केला आणि डिसेंबरमध्ये पोर्टलवर मार्क आले. ४८. पास व्हायला ५० लागतात. खाली प्राध्यापकांचा दोन ओळींचा शेरा : लेखन वर्णनात्मक आहे, युक्तिवाद दिसत नाही, संदर्भ नुसते मांडले आहेत, तपासलेले नाहीत.

व्याकरणाबद्दल एक अक्षर नाही. स्पेलिंगबद्दल नाही.

तरी घरी फोनवर ती सांगणार, 'इंग्रजी कच्चं पडलं.' घरचेही तेच समजणार. ही मुलगी काल्पनिक आहे, पण दर डिसेंबरला ब्रिटनमधल्या मराठी मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जे मेसेज फिरतात, ते साधारण याच वळणाचे असतात. आणि घोळ इथेच आहे. अडलेली गोष्ट इंग्रजी नाहीच. ती वेगळीच भाषा आहे. ती लंडनच्या मुलालाही जन्मतः येत नाही, फक्त त्याला ती शिकायला आधीची तीन वर्षं मिळालेली असतात. आपल्या मुलीकडे असतात जेमतेम दहा आठवडे.

हा प्रश्न आताच एवढा मोठा का झाला?

कारण संख्या. शिक्षणानंतर काम करायची मुभा देणारा व्हिसा ब्रिटनने २०१२ मध्ये बंद केला होता. जुलै २०२१ मध्ये तो 'ग्रॅज्युएट रूट' या नावाने परत आला आणि भारतातून जाणाऱ्यांची रांग लागली. ब्रिटनच्या उच्च शिक्षणाची आकडेवारी ठेवणाऱ्या 'हेसा'नुसार २०२२-२३ या वर्षात तिथे १ लाख ७० हजारांहून जास्त भारतीय विद्यार्थी होते. त्या वर्षी भारताने चीनला मागे टाकलं.

यातले बहुतेक जण एक वर्षाच्या मास्टर्सला जातात. तीन वर्षांची पदवी करणाऱ्याला पहिलं वर्ष चुकायला मिळतं. बऱ्याच विद्यापीठांत पहिल्या वर्षाचे मार्क अंतिम श्रेणीत धरतही नाहीत. मास्टर्सवाल्याला ही सवलत नाही. त्याचा पहिलाच निबंध निकालात धरला जातो.

मग आयईएलटीएस तपासतं तरी काय?

आयईएलटीएसच्या लेखन परीक्षेला एक तास मिळतो. त्यातला मोठा प्रश्न २५० शब्दांचा. विषय सर्वसाधारण असतो. शहरातली वाहतूक, मुलांच्या हातातले मोबाईल वगैरे. उत्तरात स्वतःचं मत मांडायचं आणि स्वतःच्या माहितीतली, अनुभवातली उदाहरणं द्यायची. पुस्तक उघडायचं नाही, संदर्भ द्यायचा नाही.

विद्यापीठातल्या निबंधात नेमकं उलटं. तिथे स्वतःच्या अनुभवातलं उदाहरण दिलं तर प्राध्यापक बाजूला लिहितात, 'पुरावा?' पंधरा-वीस शोधनिबंध वाचायचे, कोण कोणाशी सहमत आहे आणि कोण नाही ते ओळखायचं, आणि मग या वादात आपण कुठे उभे आहोत ते सांगायचं. आयईएलटीएसचा क्लास लावून ७ बँड मिळवणारा विद्यार्थी २५० शब्दांत तरबेज होतो. ३,००० शब्द हे त्याच कामाचं मोठं रूप नाही, ते कामच वेगळं आहे.

गंमत म्हणजे परीक्षा घेणाऱ्यांनी हे लपवलेलं नाही. विद्यापीठांसाठी असलेल्या आयईएलटीएसच्या मार्गदर्शक तक्त्यात कायदा, पत्रकारितेसारख्या भाषेवर भर असणाऱ्या अभ्यासक्रमांसमोर ६.५ बँडच्या रकान्यात 'अजून इंग्रजी शिकण्याची गरज' अशा अर्थाचा शेरा आहे. तांत्रिक विषयांसाठी हेच ६.५ 'बहुधा चालेल' या गटात येतं. आणि ब्रिटनमधल्या कित्येक मास्टर्सची अट आहे ६.५.

काहींना तर आयईएलटीएसही द्यावी लागत नाही. अनेक ब्रिटिश विद्यापीठं बारावीच्या इंग्रजीत ठरावीक मार्क असतील तर परीक्षा माफ करतात. बोर्डानुसार ही अट बदलते, साधारण ७० ते ७५ टक्क्यांच्या आसपास असते. व्हिसाच्या नियमांनुसार पदवी आणि मास्टर्सच्या विद्यार्थ्याचं इंग्रजी पुरेसं आहे की नाही, हे विद्यापीठ स्वतः ठरवू शकतं. परीक्षेचे पैसे वाचतात म्हणून कन्सल्टन्सीवाले ही गोष्ट ठळक अक्षरात छापतात. पण बारावीला 'युवकभारती'वर मिळालेले ७८ मार्क आणि शोधनिबंध वाचून त्यावर वाद घालणं यांचा संबंध काय, हे ना कन्सल्टंट सांगत, ना ऑफर लेटर.

'क्रिटिकल' म्हणजे टीका नव्हे

ब्रिटनमधल्या प्रश्नांत एक शब्द सारखा येतो : 'क्रिटिकली इव्हॅल्युएट'. आपल्याकडची मुलं त्याचे दोन अर्थ लावतात. एक म्हणजे, विषयाबद्दल माहीत आहे ते सगळं लिहा. दुसरा म्हणजे, लेखकाच्या चुका काढा. दोन्हींना मार्क जातात.

खरं तर मराठीत यासाठी नेमका शब्द आहे. साधकबाधक. एमएच्या प्रश्नपत्रिकेत 'साधकबाधक चर्चा करा' असं छापलेलं असतं. म्हणजे बाजूने काय, विरोधात काय, आणि दोन्ही तोलून तुमचं मत काय. अडचण अशी की आपल्या परीक्षेत हा प्रश्न छापला जातो, पण तपासला जातो तो मुद्द्यांवर. अपेक्षित प्रश्नसंचातले आठ मुद्दे आले की पैकीच्या जवळ मार्क. तोलण्याचं काम कोणी मागितलेलंच नसतं. तेव्हा मुलं आळशी असतात असं नाही. पंधरा वर्षं ज्याला बक्षीस मिळालं, तेच ती तिथे जाऊन करतात आणि तिथे त्यालाच 'वर्णनात्मक' म्हणतात.

दुसरी गोष्ट दाव्याच्या जोराची. अकॅडेमिक इंग्रजीत 'यामुळे बेरोजगारी वाढली' असं बेधडक वाक्य फार क्वचित सापडतं. 'वाढली असावी', 'वाढल्याचे संकेत मिळतात', 'काही अंशी कारणीभूत ठरली' अशी वाक्यं असतात. आयईएलटीएसच्या क्लासला ठाम लिहायला शिकवलेलं असतं, त्यामुळे हे पचायला जड जातं. पण 'आला' आणि 'आला असावा' यातला फरक मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. तोच फरक इंग्रजीत 'मे', 'अपिअर्स टू', 'सजेस्ट्स' या शब्दांनी करायचा आहे, एवढं कोणी समोर बसून दाखवलं तर अर्ध्या तासात डोक्यात शिरतं.

मँचेस्टर विद्यापीठाचं 'अकॅडेमिक फ्रेजबँक' हे संकेतस्थळ याच कामाचं आहे. एखाद्या अभ्यासाशी असहमती कशी नोंदवायची, मर्यादा कशी मान्य करायची, दोन मतांची तुलना कशी करायची, याची तयार वाक्यरूपं तिथे फुकट वाचता येतात. विषय सोडून नुसता सांगाडा दिलेला असल्यामुळे ती वापरणं कॉपीही ठरत नाही. निघण्याआधी घरी बसून आठवडाभर हे वाचलं, तर सामानात भरलेल्या चौथ्या स्वेटरपेक्षा जास्त उपयोग होईल.

मार्कांचं गणितही आधीच कळलेलं बरं. मास्टर्सला ५० ला पास, ६० ला मेरिट, ७० ला डिस्टिंक्शन. ८० च्या वर मार्क फारसे कोणाला मिळत नाहीत. दहावीला ९४ टक्के घेतलेल्या मुलाला ६४ बघून रडू येतं. प्रत्यक्षात तो वर्गातल्या चांगल्या मुलांत असतो.

आठवड्याला दहाच तास क्लास? मग बाकीचा वेळ?

वेळापत्रक हातात आलं की पहिली चूक होते. आठवड्याला आठ-दहा तास लेक्चर आणि सेमिनार, बाकी दिवस कोरे. मुलांना वाटतं, वेळच वेळ आहे, शिफ्ट घेऊ.

आता हिशेब बघा. ब्रिटनमधलं मास्टर्स १८० क्रेडिटचं असतं आणि एक क्रेडिट म्हणजे १० तासांचा अभ्यास. झाले १,८०० तास. वर्षातले सात आठवडे सुट्टीचे सोडले तरी उरलेल्या ४५ आठवड्यांत दर आठवड्याला ४० तास. म्हणजे वेळापत्रकात दिसणाऱ्या दहा तासांमागे न दिसणारे तीस तास वाचनाचे आणि लिखाणाचे आहेत. त्यावर व्हिसाने परवानगी दिलेले कामाचे २० तास. झाले ६०. आणि हा हिशेब सराईत वाचणाऱ्याचा आहे. ज्याला एक शोधनिबंध वाचायला चार तास लागतात, त्याचा आठवडा कुठे जाईल ते सांगायला नको.

२० तासांच्या नियमातही एक खाच आहे. उन्हाळ्यात विद्यापीठ रिकामं दिसतं, म्हणून सुट्टी आहे असं समजून मुलं पूर्णवेळ काम घेतात. पण मास्टर्सवाल्यांचा उन्हाळा प्रबंध लिहिण्याचा असतो आणि नियमाच्या दृष्टीने ती 'टर्म'च असते. तिथेही २० तासच. हा नियम मोडला तर प्रकरण थेट व्हिसापर्यंत जातं.

काम करूच नये, असं शहाणपण सांगणं सोपं आहे. घर किंवा शेत तारण ठेवून कर्ज काढलेल्या कुटुंबातल्या मुलाला ते सांगण्यात अर्थ नाही. भाडं दर महिन्याला भरायचंच असतं.

मदत आहे का? आहे. मग मुलं जात का नाहीत?

ब्रिटनमध्ये 'इंग्लिश फॉर अकॅडेमिक पर्पजेस' हा शिकवण्याचा स्वतंत्र पेशा आहे आणि या शिक्षकांची 'बालीप' नावाची व्यावसायिक संघटनाही आहे. मदतीचे साधारण दोन प्रकार. पहिला 'प्री-सेशनल', म्हणजे मुख्य कोर्सच्या आधी उन्हाळ्यात सहा, दहा किंवा त्याहून जास्त आठवडे. त्याची वेगळी फी असते, शिवाय तेवढे दिवस तिथे राहण्याचा खर्च. दुसरा 'इन-सेशनल', वर्षभर चालणारे वर्ग आणि एकेकट्याला मिळणारं मार्गदर्शन. हा बहुतेक ठिकाणी मोफत असतो. काही विद्यापीठांत लेखन केंद्रंही आहेत. कोव्हेंट्री विद्यापीठाचं 'सेंटर फॉर अकॅडेमिक रायटिंग' २००४ पासून चालू आहे.

ही केंद्रं निबंध दुरुस्त करून देत नाहीत. प्रूफरीडिंग होईल या आशेने गेलेली मुलं निराश होऊन परततात. तिथला शिक्षक समोर बसून विचारतो, 'या परिच्छेदात तुला काय म्हणायचंय?' तोंडी उत्तर बहुतेक वेळा बरोबर येतं. मग तो म्हणतो, 'हेच लिही, तू हे कुठेच लिहिलेलं नाहीस.'

तरी जागा रिकाम्या राहतात. कारणं फार गूढ नाहीत. हे वर्ग ऐच्छिक असतात, त्यांची माहिती पहिल्या आठवड्यात चाळीस ईमेलच्या गठ्ठ्यात येते, आणि वेळ दुपारी चारची असते, जेव्हा मुलगा शिफ्टला निघालेला असतो. व्हिसा उशिरा आला म्हणून तिसऱ्या आठवड्यात पोहोचलेल्यांचा आणि जानेवारीच्या तुकडीतल्या अनेकांचा इंडक्शनच हुकतो. पण सगळ्यात मोठा अडथळा नावाचा आहे. 'इंग्लिश सपोर्ट' म्हटलं की इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलाला तो अपमान वाटतो, आणि मराठी माध्यमातल्या मुलाला आपलं पितळ उघडं पडेल अशी भीती.

प्राध्यापकांच्या 'ऑफिस अवर्स'चंही तसंच. दर आठवड्याला ठरावीक वेळ ते फक्त विद्यार्थ्यांसाठी ठेवतात. आपल्याकडे सरांच्या केबिनमध्ये बोलावणं म्हणजे काहीतरी बिघडलंय असा अर्थ, त्यामुळे मुलं जात नाहीत. त्यात भाषेचा सौम्यपणा गोंधळात टाकतो. 'यू माइट वॉन्ट टू रीथिंक द स्ट्रक्चर' हे वाक्य ऐच्छिक सूचनेसारखं वाटतं. ब्रिटिश प्राध्यापकाच्या तोंडी त्याचा अर्थ बहुतेक वेळा 'रचना बदल, नाहीतर मार्क जातील' असा असतो.

टर्निटिन, एआय आणि 'असाइनमेंट हेल्प'वाले

जिथे मदत वेळेवर पोहोचत नाही, तिथे दुसरी दुकानं उघडतात. 'असाइनमेंट हेल्प, १०० टक्के प्लॅगरिझम फ्री' असे मेसेज विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर नेहमीचे. २०२२ च्या 'स्किल्स अँड पोस्ट-१६ एज्युकेशन' कायद्याने इंग्लंडमध्ये अशी सेवा विकणं आणि तिची जाहिरात करणं हा गुन्हा ठरवला आहे. विकत घेणाऱ्या विद्यार्थ्यावर विद्यापीठाची शिस्तभंगाची कारवाई होते, ती वेगळीच. शिवाय पैसे घेतलेलाच पुढे 'विद्यापीठाला कळवू का?' म्हणून धमकावतो, असे प्रकारही तिथे घडले आहेत.

मुद्दाम केलेल्या लबाडीपेक्षा अजाणता झालेल्या चुका मात्र जास्त वेदनादायक असतात. पुस्तकातलं वाक्य पाठ करून जसंच्या तसं लिहिणं हे आपल्याकडे हुशारीचं लक्षण. तिथे अवतरणचिन्ह आणि संदर्भ नसेल तर ती चोरी. मग मुलं टर्निटिनचा टक्का खाली आणण्याच्या मागे लागतात, शब्द बदलणारी अ‍ॅप्स वापरतात. मुळात टर्निटिन चोरी मोजत नाही, फक्त जुळणारा मजकूर दाखवतं. व्यवस्थित अवतरणं दिलेल्या निबंधाचा २० टक्केही निर्दोष असू शकतो, आणि शब्द फिरवून उचललेल्या निबंधाचा ४ टक्केही दोषी.

एआयमुळे यात नवी भर पडली आहे. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये एआय ओळखणारी सात सॉफ्टवेअर तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी स्वतः लिहिलेले ९१ निबंध त्यांना दिले, तर सरासरी ६१ टक्के निबंध 'एआयने लिहिलेले' ठरले. या सातांत टर्निटिनचा समावेश नव्हता आणि तेव्हापासून तंत्रज्ञानही बदललं आहे. पण साधी, ठरावीक शब्दांची, जपून लिहिलेली वाक्यं यंत्राला संशयास्पद वाटतात, हा धडा घेण्यासारखा आहे. म्हणून कच्चे मसुदे, टिपणं, गुगल डॉक्सची व्हर्जन हिस्ट्री जपून ठेवायची. चौकशीची नोटीस आलीच तर घाबरून आरोप मान्य करून टाकण्याआधी विद्यार्थी संघटनेच्या सल्ला केंद्रात जायचं. हा सल्ला मोफत मिळतो आणि सहसा विद्यापीठाच्या प्रशासनापासून स्वतंत्र असतो. विद्यापीठातले सगळे मार्ग संपल्यावर इंग्लंड आणि वेल्समध्ये 'ऑफिस ऑफ द इंडिपेंडंट अ‍ॅडज्युडिकेटर'कडे १२ महिन्यांच्या आत मोफत तक्रार करता येते.

जबाबदारी कोणाची?

विद्यापीठांची बाजू अशी की मदत उपलब्ध आहे, प्रौढ विद्यार्थ्याने ती घ्यावी. ऐकायला ठीक वाटतं. पण पैशाचा प्रवाह बघितला की ही बाजू लंगडी पडते. इंग्लंडमधल्या स्थानिक पदवी विद्यार्थ्याच्या फीला सरकारी मर्यादा आहे, २०२५-२६ साठी ती वर्षाला ९,५३५ पाउंड. परदेशी विद्यार्थ्याच्या फीला अशी मर्यादा नाही आणि तिच्यावरच अनेक विद्यापीठांचा डोलारा उभा आहे. 'ऑफिस फॉर स्टुडंट्स' या नियामक संस्थेने मे २०२५ मध्ये सांगितलं, की २०२४-२५ मध्ये ४३ टक्के संस्था तुटीत जाण्याचा अंदाज आहे. अशा वेळी प्रवेशाची दारं आणखी उघडायचा मोह होतो, आणि कर्मचारीकपातीची कुऱ्हाड भाषा आणि लेखन शिकवणाऱ्यांवरही पडते. ज्याच्या फीवर घर चालतं, त्याला शिकवायची मदत मात्र 'हवी असेल तर' स्वरूपाची, हे पटण्यासारखं नाही.

चांगले उपाय महागडेही नाहीत. लेखनाचे वर्ग वेगळे न ठेवता विषयाच्या वेळापत्रकातच घालायचे, म्हणजे 'कच्च्यांचा वर्ग' हा शिक्का पडत नाही. चौथ्या आठवड्यात ५०० शब्दांचा, निकालात न धरला जाणारा सराव निबंध घ्यायचा आणि नोव्हेंबरच्या आत शेरे द्यायचे. मागच्या वर्षीचे ५२, ६२ आणि ७२ मिळालेले निबंध नाव झाकून शेजारी शेजारी ठेवायचे आणि फरक मुलांनाच शोधायला लावायचा. काही विभाग हे करतातही. पण तो विभागातल्या एखाद्या कळकळीच्या शिक्षकाचा उद्योग असतो, विद्यापीठाचा नियम नव्हे.

इकडच्या बाजूलाही काम आहे. कन्सल्टंटना बहुतेक वेळा विद्यापीठाकडून प्रवेशामागे कमिशन मिळतं, विद्यार्थी पास होण्यामागे नाही. सरकारी पातळीवर महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, दर वर्षी ७५ जागा. फी, राहण्याचा खर्च, विमानभाडं त्यात येतं. यातले अनेक जण घरातली शिकणारी पहिली पिढी असतात. त्यांच्यासाठी निघण्याआधी महिनाभराचा लेखनवर्ग हा एकूण खर्चाच्या मानाने किरकोळ आहे. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना परदेशातल्या प्रवेशांसाठी तयार करणारी राजू केंद्रे यांची 'एकलव्य' संस्था महाराष्ट्रातूनच उभी राहिली. केंद्रे स्वतः बुलढाणा जिल्ह्यातून चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनच्या 'सोआस'मध्ये गेलेले.

एका नापास निबंधाची किंमत

बहुतेक विद्यापीठांत नापास झालेला निबंध एकदा पुन्हा देता येतो, पण तेव्हा कितीही चांगला लिहिला तरी मार्क सहसा ५० वरच थांबतात. प्रबंधाचं तसं झालं तर प्रश्न मार्कांचा राहत नाही. बारा महिन्यांच्या कोर्सचा विद्यार्थी व्हिसा कोर्स संपल्यावर चार महिने चालतो. ग्रॅज्युएट रूटचा अर्ज त्या मुदतीतच, ब्रिटनमध्ये असतानाच करायचा असतो, आणि कोर्स यशस्वीपणे पूर्ण झाल्याचं विद्यापीठाने गृहखात्याला त्याआधी कळवलेलं असावं लागतं. सप्टेंबरमध्ये दिलेला प्रबंध नोव्हेंबरमध्ये नापास झाला, तर दुरुस्ती, पुन्हा तपासणी आणि नवा निकाल हे सगळं जानेवारीअखेर बसवावं लागतं.

त्यात १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना ग्रॅज्युएट रूटवर दोन वर्षांऐवजी १८ महिनेच मिळणार आहेत. सप्टेंबर २०२६ मध्ये एक वर्षाचं मास्टर्स सुरू करणारी सगळी मुलं या नव्या नियमात येतात. त्यांचा पहिला निबंध साधारण नोव्हेंबर २०२६ मध्ये जमा होईल.